हातभर लाकूड

गुरुलिंग कलशेट्टींना मशीनमधलं काही कळत नाही, असं म्हणणारा माणूस अक्कलकोट रोडवर अजून जन्माला यायचा होता. सूतगिरणीत एकतीस वर्षं फिटर. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे, तेही डोळे मिटून. गिरणी बंद पडली ती आपण रजेवर होतो म्हणून, नाहीतर पडू दिली नसती, असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत होतं. अशा माणसाला लाकूड फोडायचं एक मशीन निवडताना चार महिने घाम फुटावा, आणि आणल्यावर ते सगळ्या आळीदेखत चालवताच येऊ नये, ही गोष्ट ऐकणाऱ्याला गमतीची वाटते. ज्याच्यावर गुदरली त्याला काही गंमत वाटली नाही.

लाकूड लागायचं निंगव्वाला, म्हणजे त्यांच्या बायकोला. घरामागच्या पत्र्याच्या शेडात दोन चुली होत्या आणि तिथं ती रोज कडक भाकरी करायची. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करायची, पार कडकडीत होईपर्यंत. स्टँडजवळच्या चार दुकानांत तिची भाकरी जायची. गॅसवर का करत नाही असं कुणी विचारलं तर ती त्या माणसाकडे नुसती बघायची, आणि तो परत विचारायचा नाही. लाकूडसुद्धा तिला बाभळीचंच हवं. कडुनिंब धूर करतो, सुबाभूळ भसकन जळून जाते, निखारा पडावा तर बाभळीचाच.

लग्न झाल्यापासून हे लाकूड फोडायचं काम गुरुलिंगअप्पांचं होतं. दर रविवारी सकाळी धोतर वर खोचून ते कुऱ्हाड, पाचर आणि घण घेऊन बसायचे आणि दोन-अडीच हात लांब फाटी काढून भिंतीशी रचायचे. लांब फाटं चुलीत घातलं की निंगव्वाला फक्त मधूनमधून पायाच्या अंगठ्यानं पुढं सारावं लागे, हात पिठात तसेच राहायचे. चुलीजवळची फाटी संपली की मान न वळवता ती हाक मारायची, "री, कट्टिगी!" अहो, लाकूड, एवढाच त्याचा अर्थ. त्यांचं घर बाहेर मराठी बोलायचं आणि चुलीपाशी कानडी. मग अप्पा दाढी करत असोत की जेवत, तोंडानं कुरकुर करत उठायचे आणि कवेत मावतील तेवढी फाटी आणून तिच्या बाजूला आदळायचे. तेहतीस वर्षं ही हाक ऐकून त्यांना तिचा कंटाळा आला होता. निदान तसं ते म्हणायचे.

गेल्या श्रावणात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात बरा झाला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, बोलणं पहिल्यासारखं झालं. हात तेवढा आला नाही. तो होता जागच्या जागी, पण त्याची खबर अप्पांना लागायची नाही. मांडीवर आहे की खुर्चीच्या हातावर, हे डोळ्यांनी बघावं तेव्हा कळायचं. दवाखान्यातल्या बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांच्या डाव्या खिशात असे आणि तो हातही बहुतेक वेळ तिथंच असे.

आता खरं ते सांगून मोकळं व्हावं की नाही? पण नाही. "हात एकदम ओके," असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. पुण्याचा मुलगा गुरुशांत व्हिडिओ कॉलवर म्हणायचा, "अप्पा, हात वर करून दाखवा बघू." तेव्हा हे शालीच्या आत उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरून वर उचलायचे. पोरगा खूश. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मशीनमधले दोष शोधलेल्या माणसाला स्वतःच्या अंगातला दोष कबूल करायची लाज वाटत होती. बाकी काही नाही.

लाकूड फोडायला कोंडीबा यायला लागला. सत्तरीचा, काटक, मोजकं बोलणारा म्हातारा. तो रविवारी यायचा, फोडायचा, चुलीजवळ ढीग लावून जायचा. काम चोख. पण तो घण उचलायला लागला की अप्पा खुर्ची उचलून घराच्या पुढच्या बाजूला जाऊन बसायचे. ठोके तिथंही ऐकू यायचे.

आणि एके दिवशी असं झालं. अप्पा शेडाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, चुलीपासून सहा पावलांवर. चुलीजवळची फाटी संपली. निंगव्वानं हात परातीच्या काठावर झाडले, कमरेला हात लावून उठली, भिंतीशी गेली, लाकडं घेऊन आली आणि परत थापायला बसली. हाक मारली नाही. अप्पा बघत राहिले. काय खुपलं ते त्यांना सांगता आलं नसतं. आधी वाटलं, आपण ऐकलं नसेल. मग वाटलं, कान तर शाबूत आहेत. संध्याकाळपर्यंत ते उगाचच सगळ्यांवर चिडत होते.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत कृषी प्रदर्शन लागलं, तिथं त्यांना ते मशीन दिसलं. गर्दी एवढी की पुढच्यांच्या टोप्यांवरून त्यांना फक्त मशीनचं टोक दिसत होतं. एक आडवा ओंडका, त्याच्या मागून सरकत येणारा लोखंडी ठोकळा, पुढं पोलादी पाचर. कर्र असा आवाज झाला आणि ओंडक्याची दोन शकलं होऊन पडली. घण नाही, घाम नाही. "काय ताकद लागत न्हाई, बटण दाबा आन बघा," असं माइकवरून चाललं होतं. बटण दाबायला हात एकच लागतो, अप्पांच्या डोक्यात आलं. तिथून ते घरी आले ते वेगळ्याच चालीनं आले.

पण मशीन म्हणजे एक नव्हतं, शंभर होती. पाच टनाचं, सात टनाचं, बारा टनाचं. आडवं, उभं. पेट्रोलवरचं, ट्रॅक्टरला जोडायचं, घरच्या लाइटीवरचं, थ्री फेजचं. गुरुशांतला फोन केला तर तो म्हणाला, "अप्पा, आधी टनेज ठरवा." टनेज कशावरून ठरवायचं? लाकडाच्या जाडीवरून. शेजारचा शिवयोगी वायरमन, त्याला विचारलं. तो म्हणाला, "टन राहू द्या की काका, आधी तुमच्या मीटरला झेपतंय का बघा." कोंडीबाला आडून आडून विचारलं, की बाभूळ फोडायला जोर किती लागतो. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "वली असली तर कायबी न्हाय. वाळली की लोखंड हाय." म्हणजे आता टन लाकडाच्या ओलीवर गेले. अप्पांनी एक वही केली आणि तीत सगळं लिहिलं. पंधरा दिवसांनी त्या वहीत एवढं साठलं की काय ठरलं होतं तेच सापडेना.

मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. परदेशातले तांबडे गडी बर्फात उभं राहून खंडीभर लाकूड फोडत होते. "येवढं फोडत्यात आन एकाच्या घरात चूल दिसंना," निंगव्वा मागून डोकावून म्हणाली. अप्पा म्हणाले, "तुला कळायचं नाही." खरं तर त्यांनाही तोच प्रश्न पडला होता. प्रत्येक व्हिडिओत ते लाकूड बघायचे. कुठून तडकतं, गाठीशी अडतं का, पाचर किती आत जाते. चाळीस-पन्नास व्हिडिओ त्यांनी असे बघितले. त्या माणसांचे हात कुठं आहेत हे त्यांनी एकदाही बघितलं नाही. हात कोण बघतं?

सगळ्यांना सगळं विचारलं, एवढंच विचारलं नाही की एका हातानं हे मशीन चालतं का. ते विचारायचं तर का विचारतोय हे सांगावं लागलं असतं.

शेवटी मे महिन्यात ते शेतीच्या अवजारांच्या एका दुकानात गेले. लाइटीवरचं, सात टनाचं, आडवं, दोन चाकांवर ओढता येणारं. दुकानातल्या माणसानं तिथल्या तिथं एक ओंडका लावून दाखवला. आणि इथं त्यांच्यातला फिटर आडवा आला. मशीन सुरू झालं की अप्पांचे डोळे आपोआप मिटायचे, ती गिरणीतली सवय. ते डोळे मिटून पंपाचा आवाज ऐकत राहिले. आवाज भरदार होता, कुठं खरखर नव्हती. डोळे उघडले तेव्हा लाकूड फुटून पडलं होतं. "या काका, एकदा चालवून बघा," दुकानदार म्हणाला. अप्पांनी खिशातला डावा हात खिशातच ठेवला. "आयुष्यभर मशीनच चालवलीत," ते म्हणाले, "बांधून द्या." ह्या एका वाक्यानं त्यांचा घात केला.

सोमवारी मशीनची पूजा ठेवली. त्याआधी वखारीतून बाभळीचे ओंडके करवतीवर कापून आणले होते, हात-सव्वा हात लांबीचे, कारण मशीनच्या पोटात त्याहून लांब लाकूड मावत नव्हतं. निंगव्वानं तेलाच्या टाकीवर विभूतीची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. मग तिनं विचारलं, "ह्याला माणसं किती लागत्यात?"

"एक," अप्पा म्हणाले. "मी."

शिवयोगी आला होता, आळीतल्या चार-पाच बायका आल्या होत्या, गुरुशांत मोबाइलमधून बघत होता. कोंडीबालाही बोलावणं होतं. ते अप्पांनी मुद्दाम धाडलं होतं, आणि त्यात थोडा कावा होता हे नाकारायचं कारण नाही. कोंडीबा आला तोही खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. सवय, दुसरं काय.

नारळ वाढवला. अप्पांनी उजव्या हातानं हिरवं बटण दाबलं. मोटर घूं करून सुरू झाली. बायकांनी हात जोडले. ठोकळा जागचा हलला नाही. अप्पांनी बटण सोडलं, मोटर बंद. परत दाबलं, परत घूं, परत काही नाही. पलीकडं दीड-दोन हातांवर एक लोखंडी दांडा होता. बटण सोडून त्यांनी उजव्या हातानं दांडा दाबला. आता तर मोटरही गप्प. ते परत बटणाशी आले. असे ते बटण ते दांडा, दांडा ते बटण चार फेऱ्या मारत राहिले, आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांच्या माना इकडून तिकडे जात राहिल्या.

"वायर बारीक पडली काका," शिवयोगी म्हणाला. "करंट पोचंना मोटरीला." तो घरी पळाला आणि जाड वायर घेऊन आला. जोडली. घूं. काही नाही.

"अप्पा, हवेचा स्क्रू सैल केला का?" मोबाइलमधून गुरुशांत ओरडला. "चालू करायच्या आधी तो सैल करायचा असतो!" स्क्रू शोधला, सैल केला. घूं. काही नाही.

"त्याल कमी असंल," एक बाई म्हणाली. तेलाची काडी काढून बघितली, तेल काठोकाठ होतं. दुसरी म्हणाली, नारळ नासका निघाला होता, मी बघितला होता. त्यावर निंगव्वा म्हणाली की नारळ चांगला होता, आणि ते बोलणं जरा वाढलं. कोंडीबा एका बाजूला उकिडवा बसून कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवत होता.

ह्या गोंधळात अप्पा खाली वाकले आणि त्यांना मशीनच्या अंगावर चिकटवलेलं एक पिवळं चित्र दिसलं. चित्रात दोन तळहात होते. एक बटणावर, एक दांड्यावर. दोन्हींवर एकाच वेळी. ते तसेच वाकून राहिले. चाळीस व्हिडिओ, प्रदर्शन, दुकान, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि त्या प्रत्येक ठिकाणी त्यांना आता हात दिसायला लागले. दोन दोन हात. मग ते सरळ झाले आणि त्या चित्रासमोर पाठ करून उभे राहिले, कुणाला ते दिसू नये म्हणून.

पण असं झाकून किती झाकणार? शिवयोगीनं मोटर तपासायला बटण दाबलं आणि तोल सावरायला दुसरा हात दांड्यावर टेकला. ठोकळा सरकला. कर्र. ओंडक्याचे दोन तुकडे पायाशी पडले. टाळ्या झाल्या.

"आरं तिच्या! काका, दोन्ही हात पायजेत की एकदम!" शिवयोगी ओरडला. "एक सोडला की बंद. सेफ्टी हाय ती. मधी कुणाचा हात सापडू न्हाय म्हणून. हं, या आता तुमी!"

सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. निंगव्वा मात्र परातीकडे बघत होती.

"कळलं मला," अप्पा म्हणाले. "आधी प्रसाद घ्या सगळ्यांनी. ऊन झालंय."

प्रसाद झाला, लोक गेले. कोंडीबा शेवटी उठला. कुऱ्हाड खांद्यावर टाकत म्हणाला, "अण्णा, रव्वारी यू का?"

"काही गरज नाही," अप्पा एवढ्या जोरात म्हणाले की कोंडीबा दचकला. मग त्यांना वाईट वाटलं. पण कुणाबद्दल वाईट वाटलं, ह्याचा त्या दिवशी त्यांना उलगडा झाला नाही.

बुधवारी दुपारी निंगव्वा दुकानांत भाकरी पोचवायला गेली आणि अप्पा शेडात एकटे राहिले. गिरणीत एकदा एका कामगारानं जाळी काढून मशीन चालवलं होतं, तर ह्याच माणसानं सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. सेफ्टी म्हणजे काय ते अप्पांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांनी जुन्या धोतराची पट्टी फाडली. लाकडाची एक ढलपी बटणावर ठेवली, तिच्यावरून पट्टी गुंडाळली, एक टोक दातात धरून उजव्या हातानं गाठ मारली. गाठ पक्की बसली. मग भिंतीवरचं बटण लावलं आणि मोटर आपली आपण घूं करायला लागली.

दांडा दाबला. ठोकळा आला, कर्र झालं, लाकूड फुटलं. अप्पा एकटेच हसले. किती महिन्यांनी त्यांनी लाकूड फोडलं होतं! दुसरं लावलं, तेही फुटलं. हे सगळ्यांना दाखवायचं कसं, बटणाला बांधलेली पट्टी लपवायची कशी, ह्याचे बेत त्यांच्या डोक्यात सुरू झाले. तिसरा ओंडका गाठाळ होता, नीट बसेना. त्यांनी वाकून मांडीनं रेटला आणि दांडा दाबला. नजर नेहमीसारखी लाकडावर होती, पाचरीच्या टोकाशी, आता तडकेल मग तडकेल. लाकूड तडकेना. पंपाचा आवाज जड झाला, म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"री!"

निंगव्वाची किंकाळी होती ती. दांडा त्यांच्या हातातून सुटला. ठोकळा मागे सरकला. त्यांनी डोळे उघडले, तर ओंडक्याच्या मागच्या टोकाशी कुणाचा तरी हात पडला होता. बाहीची कड ठोकळ्यानं दाबून चुरगळून टाकली होती, गुंडी तुटून तिचे दोन तुकडे झाले होते, आणि करंगळी त्या कडेपासून बोटभर अंतरावर होती. हा हात आपला आहे हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. वाकताना तो कधीतरी खिशातून बाहेर आला होता.

निंगव्वानं भिंतीवरचं बटण बंद केलं. रिकामी टोपली तिनं कुठं टाकली होती कोण जाणे. ती लाकडाच्या ढिगावर बसली. मग ती बोलली.

"ही गुंडी सकाळी कुणी लावली?"

अप्पा तुटलेल्या गुंडीकडे बघत राहिले.

"रोज मी लावते. भाकरीचा तुकडा मोडून ताटात मी ठेवते. आंघोळीला पाठ मी चोळते. आन तुमी पोराला सांगताव, हात आला म्हणून. मला काय डोळं न्हाईत व्हय?"

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले की."

अप्पा खाली बसले. मोटर बंद झाल्यावर शेड फार शांत वाटत होतं. आणि मग चार महिने, नाही, श्रावणापासून जे त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं, ते तोंडातून बाहेर पडलं.

"तू हाक मारायची बंद केलीस."

"कसली हाक?"

"कट्टिगीची."

निंगव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. आता गोंधळायची पाळी तिची होती. "त्यासाठी हे आणलं?" तिनं मशीनकडे हात केला. "हाक मारली असती तर तुमी उठला असताव. एका हातानं आणताना निम्मं सांडलं असतं. मग तुमी ते वेचत बसला असताव खाली. मला बघवलं नसतं म्हणून न्हाई मारली. मला वाटलं, तुमाला बरं वाटंल."

मग ती उठली आणि धोतराच्या पट्टीची गाठ सोडवायला बसली. फिटरनं दातानं मारलेली गाठ, ती सुटता सुटेना. अप्पांनी उजव्या हातानं एक टोक धरलं तेव्हा सुटली.

रविवारी तिनं कोंडीबाला बोलावलं. त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली, एक हात बटणावर ठेवला, एक दांड्यावर, आणि पहिलं लाकूड फुटल्यावर तो तोंडातले दोन-तीन दात दाखवून हसला. आता पाठ दुखणार नाही म्हणाला. अप्पा ह्या वेळी घरापुढं गेले नाहीत. बाजूला बसून आवाज ऐकत राहिले, आणि पंप जड झाला की सांगत राहिले, "थांब, गाठ आहे, ओंडका फिरवून लाव." दुपारपर्यंत भिंतीशी छान ढीग लागला. काम आपलं नाही राहिलं हे त्यांना दिसत होतं. रडू आलं नाही, पण बरंही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी चूल पेटली आणि नवीनच घोळ झाला. ते लाकूड होतं हातभर. चुलीला सवय लांब फाट्यांची. हातभर तुकडा चुलीत घातला की त्याचं मागचं टोक बाहेर फार राहायचंच नाही, पायानं सारावं तर काय सारणार? तुकडा बघता बघता जळायचा, जाळ खाली बसायचा, तवा निवायचा. निंगव्वाचे दोन्ही हात पिठात. दर दोन भाकऱ्यांना हात झाडून उठावं, लाकूड घालावं, परत हात ओले करावेत. पहिल्या पाच-सहा भाकऱ्या मऊ पडल्या, आणि मऊ पडलेली कडक भाकरी कोण घेतो?

"कसलं हे लाकूड!" ती चुलीवर खेकसली. "घातलं की संपलं!"

सहा पावलांवर खुर्चीत बसलेल्या अप्पांनी मान खाली घातली. चार महिने डोकं शिणवून आणलेल्या मशीननं तिची चूलसुद्धा बिघडवली होती. वहीत सगळं लिहिलं होतं, टन, फेज, तेल. चुलीची लांबी लिहिली नव्हती. आपल्याला कशातलंच काही कळत नाही, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

भाकरी थापायचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. आणि मान न वळवता, भाकरी फिरवता फिरवता, ती म्हणाली,

"री, कट्टिगी!"

अप्पा उठले ते एवढ्या घाईनं की खुर्ची मागे पडली. भिंतीशी गेले. हातभर तुकडा एका मुठीत बरोबर बसला, काही सांडलं नाही, काही वेचावं लागलं नाही. त्यांनी तो आणून चुलीत घातला.

"तसं न्हवं, तव्याखाली घाला. म्होरं निखारा राहू द्या."

त्यांनी तव्याखाली घातला. परत जाऊन खुर्चीत बसेपर्यंत परत हाक आली. मग परत. पाचव्या खेपेला ते चार-पाच लाकडं एकेक करून चुलीजवळ घेऊन आले, पाट ओढला आणि तिच्या उजव्या अंगाला बसले. जाळ कमी झाला की घालायचे, जास्त झाला की ओढायचे. आवाजावरून कळत होतं त्यांना, बाभूळ जळताना कशी बोलते ते. डावा हात मांडीवर पडून होता, खिशात नव्हता. भाकऱ्या कडक पडायला लागल्या.

आता तिचा आणि त्यांचा गुडघा एकमेकांना लागत होता. हाक मारायची काही गरज नव्हती. तरी तवा जरा निवला की निंगव्वा समोर बघत, शेडाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायची, "री, कट्टिगी!" आणि अप्पा कुरकुर करत लाकूड उचलायचे.